न पडलेला थेंब

मार्गशीर्षातली सकाळ. ऊन कोवळं, कांचनकोमल, दवात पाय भिजवून आलेलं. गुऱ्हाळांचा गोड धूर पंचगंगेकाठून उठतो, नगरावर तरंगतो, आणि उद्यमनगरच्या कारखान्यांच्या पत्र्यांवर उतरून लोखंडाच्या वासात विरघळतो.

गूळ आणि लोखंड. लोखंड आणि गूळ. कोल्हापूरच्या हेमंताचे हे दोन श्वास.

त्या उन्हात उभी आहे एक गाडी.

समुद्रहिरवी. मत्स्यपुच्छा. रुपेरी ओठांची, दीर्घदेही, कधीकाळी बोटीने अमेरिकेहून आलेली. काल क्रेनने ओढून तिला इथे, मेकॅनिक दस्तगीर मणेरांच्या दारात, आणलं. पुढची चाकं तिरपी, जिथे अडली तिथेच. मान वळवून कुणाकडे तरी पाहिलं, आणि परत फिरवायची राहून गेली, अशी.

तिच्यापाशी कुमुदिनी इंगवले. गावाच्या आक्का. ही गाडी त्यांनीच चालवली, सारं आयुष्य. गेल्या वर्षी आजार आला आणि डाव्या खांद्यातलं बळ घेऊन गेला. हात आहे. जोर नाही.

आणि आबा, त्यांचे यजमान. सारं आयुष्य शेजारच्या सीटवर. गाडी चालवायला कधीच न शिकलेले.

स्टिअरिंग आणि चाकं यांच्या मधे एक लोखंडी पेटी असते. पेटीत तेल. तेलात दाब. हाताने नुसती इच्छा करावी, आणि तेलाने ती अवजड देहाला समजवावी: वळ.

ती पेटी मेली.

मग दुसरी आली, मुंबईहून. काळ्या रंगाने लखलखणारी, नववधूसारखी नटलेली. आठवड्यात रडू लागली. अंगणात तेलाचं तळं. मग तिसरी, दिल्लीहून. ती रडली नाही. पण स्टिअरिंग किंचित डुलत होतं. आबांना ते खपलं नाही. त्यांनी मेकॅनिकला सांगून वरचा स्क्रू आवळून घेतला. गच्च. मायेने. काळजीने. त्या दिवसापासून स्टिअरिंग वळलं की तिथेच थांबे, परत येईना. आणि एका वळणावर आक्कांच्या एका हाताला ते आवरलंच नाही. गाडी उसात शिरली. उभ्या, गोड, सळसळत्या उसात.

म्हणून ही चौथी, शेवटची.

आज तिन्हीसांजेला हॉटेलवाले येणार आहेत. त्यांना गाडी बागेत हवी, कारंज्याशेजारी. चाकांखाली विटा, खिडक्यांतून वेली. आक्कांनी शब्द दिलाय: ही पेटीही फसली, तर घेऊन जा.

दस्तगीर मणेरांनी पेटी टेबलावर ठेवली. जुन्या पेटीच्या पोटात नवी रबरं, नवी बेअरिंगं, घासूनपुसून जिवंत केलेले दाते. बाहेरून उघडी. करडी. रंगाचा एक हात नाही.

"रंग नाही दिला?" आबांनी विचारलं.

"पोरगी दाखवायचीय का, आबा? रंग दिला की तेल कुठनं येतंय ते झाकतंय. माझं काम उघडं असतंय. ह्या जिल्ह्यात दुसरा कोण असं करत असंल तर नाव सांगा, उद्यापास्नं त्याच्याकडं कामाला जातो."

"जाऊ नका," आबा म्हणाले. "तो बिचारा दुकान बंद करील."

मणेर हसले. मग आक्कांकडे वळले. "आक्का, पेटीचा दांडा फिरवा. आजारी हातानंच."

आक्कांनी डावा हात ठेवला.

फिरला.

सैल, सैल, लोण्यातून बोट जावं तसा. आणि मग मध्यावर, ऐन मध्यावर, एक घट्टपणा. हलका. झोपेतल्या मुलाने बोट धरावं, एवढाच. पुढे पुन्हा सैल.

"कडेला सैल आहे," आबा म्हणाले. "थोडं आवळा."

"झालं. उसात गाडी घातलेलं मालक तुम्हीच काय?"

आबा पेटीवर वाकले.

"मधे घट्ट, कडंला सैल. दातं तसंच कापल्यात, आबा. सरळ जाताना धरायला पायजे. वळल्यावर सोडायला पायजे. सगळीकडंच आवळून धरलं, तर परत कसं यायचं त्यानं?"

आक्का दांडा फिरवत राहिल्या. ज्याने हे दाते कापले तो दूर देशीचा कुणी, कधीचा गेलेला. त्याने लोखंडात सोडून देणं कोरून ठेवलं होतं.

दुपारपर्यंत पेटी गाडीत बसली.

"घरचं पांढरं कापड आणलंय?"

ही मणेरांची रीत. कापड गिऱ्हाइकाच्या घरचं, शुभ्र. ते पेटीखाली अंथरायचं, इंजिन चालू करायचं, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत. टोकाला तेलाचा दाब सर्वांत जास्त. एक थेंब पडला, तरी पेटी द्यायची नाही.

आक्कांनी पिशवीतून घडी काढली.

"कुमुद, हे माझं नवं धोतर आहे."

"म्हणूनच तर पांढरं आहे."

धोतर अंथरलं गेलं. काळ्या, तेलकट, शतडाग जमिनीवर एक चांदण्याचा तुकडा.

इंजिन जागं झालं. मंद्र, खोल, घनगर्भ.

आक्का आत. उजवा हात मांडीवर. डावा स्टिअरिंगवर.

डावीकडे. टोकापर्यंत. पेटी गुणगुणली.

उजवीकडे. टोकापर्यंत.

आबा गुडघ्यांवर वाकलेले. मणेर वाकलेले. शेजारच्या लेथवरचा माणूस लेथ थांबवून आलेला. सगळे त्या शुभ्रतेकडे बघत.

डावीकडे.
उजवीकडे.

आणि शुभ्र
शुभ्रच.

आबांनी धोतर उचललं, उन्हात धरलं. त्यातून ऊन आरपार आलं. कुठे काही अडलं नाही.

"न्या," मणेर म्हणाले, आणि हात पुसायला लागले. "धोतर पण न्या. लगीन होईल अजून एक, एवढं सोवळं राहिलंय."

पन्हाळ्याची वाट. दोन्ही बाजूंना उसाचे तुरे, रौप्यधूसर, उन्हात नमलेले. समुद्रहिरवी गाडी चढणीला लागली. आक्कांचा डावा हात स्टिअरिंगवर होता, तेवढाच. नुसता ठेवलेला, देवाच्या पाटावर ठेवावा तसा. आणि ती अवजड, दीर्घ, लोखंडी काया त्या हलक्या हाताचं ऐकत होती.

शेजारी आबा. मांडीवर धोतराची घडी.

"हॉटेलवाल्यांना येऊ नका म्हणून कळवायचं ना?"

"एवढं वळण होऊ द्या."

वळण आलं. मोठं. दरीच्या अंगाने वाकलेलं. गाडी वळली, उंच आकाश वळलं, खाली पंचगंगेची चंदेरी रेघ वळली. आबांचा हात सवयीने स्टिअरिंगकडे निघाला, धरायला, आवळायला. अर्ध्यावर थांबला. घडीवर परतला.

आक्कांनी तळहात सैल सोडला.

आणि स्टिअरिंग आपलं आपण निघालं. तळव्याखालून सरकत, सुळसुळत, कुणी न सांगता, सरळ वाटेकडे परत.