तिसरा बार

"दोनदा उडवली! मला काही झालं का? बोटं मोजून घ्या हवं तर," असं म्हणत व्याह्यांनी दोन्ही पंजे मिस्त्रींच्या नाकासमोर धरले.

बोटं दहाच्या दहा होती. मिस्त्रींनी चष्मा नाकावर ओढला आणि बाकावर ठेवलेल्या डब्याचं झाकण उघडलं. आतली दारू करडी, बारीक चकत्यांची होती. काळ्या दारूचा गंधकाचा वास तिला नव्हता.

"ही काडतुसांतली दारू आहे. बिनधुराची."

"मग! धूर नाही, घाण नाही, चार बार काढले की नळी धुवत बसायची कटकट नाही. आणि मी काही खुळा नाही, मिस्त्री. काळ्या दारूच्या मापाच्या निम्मीच घालतो."

चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी दुसऱ्या कुणाला डब्यासकट दाराबाहेर काढलं असतं. पण समोर लेकीचे सासरे होते. जमीनमोजणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले, मनाने दिलदार, पण एकदा आखलेली रेघ काही केल्या न पुसणारे. सुनेला त्यांनी पोटच्या पोरीसारखं जपलं होतं. अशा माणसाला 'तुम्हाला यातलं कळत नाही' असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

मिस्त्रींनी सांगितलं नाही. व्याह्यांची ठासणीची बंदूक बाकावर आडवी घेतली, नळीत घट्ट बसेल असा शिशाचा गोळा तोंडाशी ठोकून बसवला आणि गज व्याह्यांच्या हातात दिला.

"हळू ढकला. हाताला काय लागतंय ते बघा."

गोळा कुरकुरत, सगळीकडे सारखा जोर मागत आत गेला. बूड वीतभर उरलं असताना एकाएकी सैल पडला.

"इथे नळी आतून फुगलीय," मिस्त्री म्हणाले. "तुमच्या दोन बारांनी."

"आजोबांच्या वेळचं लोखंड आहे. वय झालं की माणूससुद्धा पोटाशी फुगतो!"

मिस्त्रींना हसू आलं. ते त्यांनी गिळलं. "व्याही, काळी दारू गोळी ढकलत नेते. ही कोंडली की भडकतच जाते. निम्मी घाला नाहीतर पाव, ठासणीची नळी हिच्यासाठी केलेलीच नसते. आणि दोनदा निभावलं म्हणजे जमलं असं नाही. लोखंड लगेच तक्रार करत नाही, आतल्या आत सोसतं."

"म्हणजे लोखंड चांगलं असतं तर चाललं असतं." व्याह्यांनी बोट भिंतीकडे केलं. "तुमच्या त्या बंदुकीला काही होईल का? सांगा!"

भिंतीवरची ती ठासणीचीच बंदूक मिस्त्रींनी एकतिसाव्या वर्षी, लेक जन्मली त्या साली घडवली होती. नळी स्वतः कोरली होती, आतले पीळ हाताने काढले होते. चौदा महिने लागले. त्यांच्या उस्तादांनी नळी उजेडाकडे धरून आरपार पाहिलं आणि नुसतं "हं" म्हटलं. त्या माणसाच्या तोंडून एवढंसुद्धा कधी कुणी ऐकलं नव्हतं. मिस्त्रींची बायको होती तोवर त्या बंदुकीला 'माझी सवत' म्हणायची आणि दर आठवड्याला स्वतःच पुसायची. कितीतरी जणांनी मागितली, मिस्त्रींनी दिली नाही.

त्यांनी उत्तर टाळलं. "रविवारी नेमबाजीची स्पर्धा ना तुमच्या क्लबात? विहीणबाई येतात का?"

"ती नसली तर बार पेटवायच्या टोप्या कोण देणार? माझ्या उजव्या अंगाला उभी असते. गेली बावीस वर्षं."

मिस्त्रींनी बंदूक उचलली, लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली.

"अहो, माझी बंदूक!"

"तुमचीच आहे. पण देणार नाही."

व्याही चहासुद्धा न घेता गेले. संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, काय केलंत हो? मामंजी जेवले नाहीत. म्हणतात, दुसऱ्या कुणाची तरी बंदूक मागून आणीन, पण दारू हीच वापरीन. हट्टालाच पेटलेत."

"आणि सासूबाई?"

"त्या म्हणाल्या, शेजारी उभी राहायची मी, आणि मला मात्र कुणी विचारत नाही."

मिस्त्रींनी फोन ठेवला. मग उठून त्यांनी भिंतीवरची बंदूक खाली काढली.

शनिवारी सकाळी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खाणीत तिघं जमले. विहीणबाईंना मिस्त्रींनी मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी छातीच्या उंचीवर लाकडी घोडी उभी केली, तिच्यावर बंदूक पट्ट्यांनी आवळून बांधली आणि चापाला लांब दोरी लावली. उजवीकडे, माणूस उभा राहील तेवढ्या अंतरावर, एक फळी रोवली.

व्याह्यांना राहवेना. "मिस्त्री, ही कशाला आणलीत? ही नको."

"तुमची जुनी फोडून दाखवली तर म्हणाल, लोखंड कुजलं होतं. याहून चांगली नळी माझ्याकडे नाही. भरा. तुमच्या हाताने, तुमच्या मापाने. नाहीतर उद्या म्हणाल, मिस्त्रींनी जास्त घातली."

व्याह्यांनी निम्मं माप भरलं. तिघं मातीच्या ढिगाऱ्याआड गेले आणि मिस्त्रींनी दोरी ओढली.

खणखणीत आवाज झाला. धूर नाही, काही नाही. बंदूक जागच्या जागी.

दुसऱ्यांदा भरली, दुसऱ्यांदाही तेच. व्याह्यांचा चेहरा खुलला. त्यांनी मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. "बघा! तुमच्या हाताचं काम ते! झालं आता, सोडा तिला. तुम्हीही जिंकलात, मीही जिंकलो."

मिस्त्रींच्या मनात एक लबाड आनंद उसळून आला. टिकली पोरगी! आता पट्टे सोडावेत, पुसावी आणि घरी न्यावी. कोण दोष देईल? त्यांनी मागे वळून पाहिलं. विहीणबाई पदराने कपाळ पुसत उभ्या होत्या. सवयीने त्यांनी टोप्यांची डबी मुठीत धरली होती.

"तिसरा," मिस्त्री म्हणाले.

"अहो पण..."

"भरा, व्याही."

तिसऱ्या बाराचा आवाज वेगळाच होता. आखूड, पत्रा फाटावा तसा. ढिगाऱ्यावरून माती घरंगळली. मग तिघं उठून घोडीजवळ गेले.

नळी बुडाशी उकलली होती. दस्ता दुभंगून एका पट्ट्याला लोंबत होता. टोपी बसवायचा तुकडा जागेवर नव्हताच. उजवीकडच्या फळीला आरपार भोक पडलं होतं.

विहीणबाई फळीजवळ गेल्या, तिला खेटून उभ्या राहिल्या आणि भोकाची उंची तळहाताने स्वतःवर मोजली. हात गळ्याशी आला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारी बोलण्यात त्यांनी याहून जास्त कधी सुनावलं नसेल.

व्याही डबा घेऊन दूर मोकळ्या जागी गेले आणि दारूची जमिनीवर लांब, पातळ रेघ ओतून तिला पेटवून आले. उघड्यावर ती मुकाट्याने, कागदासारखी जळून गेली. मग ते वाकून तुकडे गोळा करू लागले. स्वतःच्या रुमालात, एकेक करून.

"मिस्त्री," ते खाली बघतच म्हणाले, "दुसरी होईल का हो अशी?"

"नाही. तिला तिशीतले डोळे लागतात."

"मी कसं..."

"लोखंड होतं, व्याही. लोखंडच गेलं."

दुपारी तिघं व्याह्यांच्या घरी आले. लेकीने दार उघडलं आणि मातीने भरलेले तिन्ही चेहरे एकामागून एक नीट पाहून घेतले. काय झालं ते तिने विचारलं नाही. "पानं घेते," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

मिस्त्री मागच्या अंगणातल्या मोरीवर हात धुवायला गेले. साबण लावून त्यांनी तांब्या उचलला. इतक्यात कुणीतरी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. व्याही शेजारी उकिडवे बसले आणि बारीक धार धरून त्यांच्या हातांवर पाणी ओतू लागले. नखांतली काळी माती हळूहळू वाहून गेली.

"पुरे, व्याही. झाले स्वच्छ."

व्याह्यांनी मान हलवली, तांब्या पुन्हा भरून घेतला आणि ओतत राहिले.