सोमवारचा फराळ

लग्नाला बारा वर्षं झाली, पण नवऱ्याच्या ताटात रोजची गरम भाकरी वाढायला मला दहा वर्षं थांबावं लागलं. हे फौजेत. कधी आसामात, कधी राजस्थानात, कधी बर्फात. मी गडहिंग्लजजवळ सासरी. वर्षातून दोन महिने सुट्टीवर यायचे, त्यातले निम्मे दिवस पाहुणेरावळेच खायचे. आमची अहिल्या तीन वर्षांची असताना एकदा माझ्या कानात म्हणाली, हे मामा कधी जाणार? तिला मी एक धपाटा घातला आणि आत जाऊन रडले.

मग ह्यांची बदली दिल्लीला झाली आणि कॅन्टमध्ये, लष्करी छावणीत, क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, दुसरा मजला. आल्या दिवशीच मी ठरवलं, दहा वर्षांचं राहिलेलं सगळं ह्यांना खाऊ घालायचं. सकाळी तुपातले पराठे, ते मी इथे शेजारणीकडून शिकले. ह्यांचं आता युनिटच्या स्टोअरमध्ये बसून काम, तिथे अकरा वाजता समोसे. कॅन्टीनमध्ये स्वस्त मिळतात म्हणून बिस्किटांचे पुडे आणि कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटल्या. रविवारी अहिल्येच्या हट्टाचा पिझ्झा. ताटात टाकायची आमच्यात पद्धत नाही, तेव्हा पोरीनं उष्टं सोडलेलंही ह्यांच्याच पोटात. बटालियनच्या दौडीत पहिला येणारा माझा नवरा, हवालदार कृष्णात, दीड वर्षात चौऱ्याऐंशी किलोचा झाला. मला तर बरंच वाटायचं. माणूस अंगानं भरला म्हणजे सुखाला लागला, एवढंच मला कळत होतं.

नोव्हेंबरच्या मेडिकलमध्ये गाडी अडकली. साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी खालच्या कॅटेगरीत टाकलं आणि सांगितलं, मे महिन्यापर्यंत वजन पंचाहत्तरवर आणा, नाहीतर नायब सुभेदारीची बढती विसरा. हे घरी आले आणि रिपोर्टचा कागद माझ्यापुढे ठेवला.

"त्यात काय एवढं," मी म्हटलं. "सोमवार आणि शनिवार धरा. वजन झक मारत उतरेल."

हसू नका. उपवासाचं ताट म्हणजे काय, हे तुमच्याही घरी ठाऊक असेल. सकाळी साबुदाण्याची खिचडी, तिच्यात मूठभर दाण्याचं कूट आणि वरून तूप. सोबत बटाट्याचा कीस. दुपारी वरीचा भात, दाण्याची आमटी. संध्याकाळी रताळ्याच्या तळलेल्या काचऱ्या, शेवटी केळी घालून गोड दूध. एकादशी दुप्पट खाशी, असं मी दुसऱ्यांना शंभरदा हसत म्हणाले असेन. ते आपल्याच ताटाला लागू आहे हे डोक्यात आलं नाही. महिन्याभरात दोन किलो वाढले.

तेव्हा इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मलाच बोलावलं. हे रक्त द्यायला पलीकडे गेले होते. "व्रत में क्या खिलाती हैं?" बाईंनी विचारलं. मी मोठ्या अभिमानानं सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"भाभीजी, यह व्रत नहीं, दावत है."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या देवाधर्मावर बोलणारी ही कोण? पण बाई शांतपणे समजावत राहिली. साबुदाणा म्हणजे नुसतं पीठ, खाल्ला की साखर सरसर चढते. असंच चाललं तर डोळे, किडनी, हृदय, कशावरही येईल. वय तरी काय, अडतीस. मी मान डोलावली.

घरी येताना जिन्यात हेमलता भेटली. ही खालच्या मजल्यावरची, तिचा नवरा ह्यांच्याच युनिटात. म्हणाली, "कळलं का? जूनमध्ये युनिट लडाखला चाललंय. फॅमिली न्यायची नाही. फिट आहेत ते सगळे जाणार, कॅटेगरीवाले इथेच राहणार. तुझं बरं आहे बाई."

मी वर आले आणि ओट्याशी नुसती उभी राहिले.

सोमवारी मी खिचडी केली. नेहमीपेक्षा वाटीभर जास्तच. "डॉक्टरीण काय म्हणाली?" ह्यांनी विचारलं. "उपवास चालू ठेवा म्हणाली," मी सांगितलं.

पाप होतं ते, मला कळत होतं. पण ज्यांचे नवरे रोज संध्याकाळी घरी येतात त्या बायकांनी मला शहाणपण शिकवू नये. ह्यांच्या बुटांचा आवाज जिन्यात आला की अहिल्या "पप्पा आ गए" करत दार उघडायची, आणि मला वाटायचं, राहू दे पोट सुटलेलं, माणूस तर घरात आहे.

संक्रांतीला आमच्या मराठी फौजींची बस पानिपतला गेली, काला अंबला, मराठ्यांच्या लढाईच्या स्मारकाला. दरवर्षी जाते. बूट काढून सगळ्यांनी नमस्कार केला. परत बूट घालताना हे पायरीवर बसले, वाकले, पण पोट मध्ये आलं. नाडीपर्यंत हात पोचेना. चेहरा लाल झाला, श्वास लागला. तिळगुळाचा डबा खाली ठेवून मी पुढे होणार, तोवर रिटायर्ड सुभेदार मारुतराव, पंचाहत्तरीचा म्हातारा, खाली उकिडवा बसला. "असू दे पोरा," म्हणाला आणि दोन्ही नाड्या बांधून दिल्या. आजूबाजूची फौजी पोरं दुसरीकडे बघायला लागली. ह्यांना मी बर्फातून, दुखण्यातून आलेलं पाहिलंय, पण असं मेल्याहून मेलेलं कधी पाहिलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर मुरथलच्या ढाब्यावर पराठे खायला सगळी बस उतरली. हे बसमध्ये बसूनच राहिले, म्हणून मीही.

"शेवंता, मला एकदा परत धावायचंय. दम न लागता. बस्स, आणखी काही नको."

माझ्याच्यानं राहवलं नाही. "डॉक्टरीण तसं म्हणाली नव्हती. मी खोटं बोलले."

"ठाऊक आहे."

"मग खाल्लंत कशाला?"

"तू समोर बसून वाढत होतीस," हे म्हणाले. "दहा वर्षं फौजेच्या लंगरच्या रांगेत ताट धरून उभा राहिलोय मी. नको कसं म्हणणार?"

घरी येऊन साबुदाण्याचा डबा मी हेमलताला देऊन टाकला. बाटल्या बंद, समोसे बंद. ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, मेथी, काकडी, आणि भाकरी दोनच. हे तिसरीसाठी हात पुढे करायचे आणि मी टोपली मागे ओढायची. पहाटे आधी चालणं, मग हळूहळू पळणं. किलो किलो करून वजन उतरत होतं, आणि इकडे ह्यांच्याबरोबरचा माझा एकेक महिना कमी होत होता. नवऱ्याला घराबाहेर घालवायला मी स्वतःच राबत होते. बाकी कुणी केलं असतं तर भांडले तरी असते.

मेमध्ये काटा चौऱ्याहत्तरवर थांबला. फिट. ह्यांनी अहिल्येला उचलून गरागरा फिरवलं. मी शिलाई मशीन काढलं आणि वर्दीच्या पँटी कमरेत चार चार बोटं आत घेतल्या. टीप दोनदा चुकली.

जूनमध्ये कॅन्टच्या स्टेशनवर जम्मूची गाडी लागायची होती. ऊन रणरणत होतं. अहिल्या ह्यांचा हात सोडेना. "पप्पा, तुम्ही मोटेच बरे होतात," ती म्हणाली. हे हसले. तेवढ्यात ह्यांच्या डाव्या बुटाची नाडी सुटलेली मला दिसली. चटकन मी खाली वाकणार, तोच हे स्वतः वाकले. कण्हणं नाही, दम नाही, दोन झटक्यात गाठ मारून उभे राहिले आणि बक्षीस मिळालेल्या पोरासारखं माझ्याकडे बघितलं.

मीही हसले. पण मनात म्हणाले, देवा, आजच्या दिवस नसती बांधता आली तर काय बिघडलं असतं.