बाभळफाट्यावरची मोजणी

नात शिकली, पॉलिटेक्निकातनं इंजिनेर झाली, शहरातल्या हापिसात लागली, आणि शेवटी बसली कुठं? तर आपल्याच गावच्या बाभळफाट्यावर, प्लास्टिकच्या खुर्चीत, छत्रीखाली. अंगात ते चमकणारं हिरवं जाकीट. बानाबाई मेंढरं घेऊन फाट्याशी आली आणि तिला हसू आवरेना.

"काय गं बये, रसवंती टाकली काय?"

"रसवंती नाय आज्जी, सर्व्हे हाय." ज्ञानेश्वरीनं मान वर केली नाही. मांडीवर पाट, पाटावर कागद, कागदावर नुसत्या काड्या. चार उभ्या, पाचवी आडवी. "कोणती गाडी कुठून आली आन कुठं वळली, ते लिवायचं. मला बोलू नको, एक टेम्पो सुटला बघ."

"सुटला तर सुटू दे. त्याच्या घरी जाईल तो."

हे मोजणं कशाचं, ते बानाबाईला आठ दिवसांपूर्वीच कळलं होतं. शेंद्र्याच्या अलीकडं, जालना रोडला लागून, मालाची मोठाली गोदामं होणार होती. गोदामं आली की ट्रक येणार, ट्रक आले की फाट्यावर खोळंबा होणार. तो किती होईल, ते आधी मोजून सांगायचं काम ज्ञानूच्या हापिसाला मिळालं होतं. बानाबाईचं या सगळ्याशी देणंघेणं एवढंच, की रस्त्याच्या अल्याड तिचं घर आणि पल्याड गायरान. मधी डिव्हायडरला एक फट. लग्न होऊन आली तेव्हा तिथं डिव्हायडर नव्हता, डांबरसुद्धा नव्हतं, पण मेंढरं तिथूनच जात होती.

त्या सकाळी तिनं नेहमीसारखी काठी आडवी धरली, ट्रकवाल्याकडं डोळे वटारले आणि मेंढरं रस्त्यात घातली. जाता जाता तिचं लक्ष नातीकडं गेलं. मेंढरं समोर आली तशी ज्ञानूनं पेनाला टोपण लावलं आणि मान खाली घातली. शेवटचं शेपूट पलीकडं जाईस्तोवर वर बघितलं नाही.

बानाबाईचा ऊर भरून आला. शहरात राहून पोर बिघडली नाही म्हणायची. आपल्या घरचं जितराब मोजायचं नसतं, हे तिला आठवत होतं. बानाबाईच्या घरात आजवर कुणी मेंढरांचा आकडा तोंडातून काढला नव्हता. किती हायत विचारलं तर "देवाची हायत" म्हणायचं आणि विषय बदलायचा. एकदाच लासूर स्टेशनच्या एका व्यापाऱ्यानं अंगणात उभं राहून, बोट नाचवत, एक दोन तीन करत सगळी मोजली होती. महिन्याच्या आत देवीचा रोग आला आणि अर्धा मेंढवाडा रिकामा झाला. बानाबाईचा नवरा आप्पा त्यानंतर सहा महिने कुणाशी धड बोलला नाही. मोजायची गरज तरी काय म्हणा! एक मेंढी कमी असली तर बानाबाईला नुसत्या नजरेनं कळायचं, आणि कोणती तेही कळायचं.

संध्याकाळी ज्ञानू घरी आली ती तोंड पाडून. चहा घेतला नाही. चुलीपाशी आजीजवळ येऊन बसली आणि बसून राहिली.

"सांग. कुणी रागावलं?"

"आज्जी, माझ्या हातून लई मोठी चूक झाली."

मग तिनं सांगितलं. सगळ्या दिवसाचे कागद तिनं हापिसातल्या सुदर्शन सरांना दाखवले. सर भला माणूस, पण कागदाचा माणूस. त्यांनी कागद बघून म्हटलं, इथं तर गाडीशिवाय कुणी ओलांडतच नाही. मग डिव्हायडरची ती फट बंद करून टाकू. ज्याला वळायचं तो दोन किलोमीटर पुढं जाऊन वळेल. फाटा मोकळा, खोळंबा नाही, गोदामवाले खूश.

"जनावरांचा रकाना असतोय आज्जी त्यात. मी मोकळा सोडला. तू आलीस तवा माझ्या हातानं आपोआप टोपण लावलं. मला सुचलंच नाय."

बानाबाईनं फुंकणी खाली ठेवली. सकाळी ज्या गोष्टीनं तिचा ऊर भरून आला होता, तिच्यामुळंच आता मेंढरं दोन किलोमीटर हायवेच्या कडेनं हाकायची होती. भरधाव ट्रकांच्या बाजूनं. जाताना दोन, येताना दोन. आठवड्यात निम्मी चिरडली असती.

तिचा लेक, ज्ञानूचा बाप सखाराम, कंपनीतून येऊन बाजेवर आडवा झाला होता. तो पडल्या पडल्या म्हणाला, "त्यात काय एवढं? टाक की अंदाजानं एक आकडा. कोण बघायला येतंय?"

"तू गप," बानाबाई म्हणाली. "तुझ्या कंपनीत चालत असंल अंदाजानं. पोरीची सही हाय त्या कागदावर."

"सरांना मी खरं सांगितलं. म्हणाले, उद्या सकाळी परत बसू," ज्ञानू म्हणाली. "पण नुसतं 'कळप' लिवून चालत नाय. आकडा लागतोय. तुला जमत नसंल तर दुसरा माणूस बसवतो म्हणाले."

"कोण दुसरा?"

"हापिसातला. तुझ्या वळखीचा नाय."

"परक्या माणसाचं बोट? माझ्या जितराबावर?" बानाबाई उठून उभी राहिली. "त्याला म्हणावं, आधी माझी काठी मोज."

ती मेंढवाड्यात जाऊन बसली. मेंढरं रवंथ करत होती. एक पाठ घासायला आली, एकीनं पदर चावला. थोड्या वेळानं ज्ञानूही येऊन शेजारी बसली आणि काहीतरी बोलायचं म्हणून आपल्या कामाचं सांगू लागली. रस्त्यावरची सगळी वाहनं सारखी धरत नाहीत म्हणे. मोटारसायकल म्हणजे अर्धी गाडी. ट्रक म्हणजे तीन गाड्या.

"आन बैलगाडी?"

"सहा, आठ गाड्यांएवढी धरत्यात."

"ट्रकापेक्षा जास्त?"

"व्हय. हळू जाती ना. जे हळू जातं ते रस्ता जास्त येळ धरतं."

बानाबाईनं मेंढीच्या तोंडातून पदर सोडवला. मग म्हणाली, "हे बरंय तुमचं. घरात तर हळू चालणाऱ्याला कुणी इचारत नाय." आणि नातीच्या केसात अडकलेली लोकर काढत बसली.

सकाळी फटीशी सुदर्शन सर स्वतः आला होता. तिशीतला, चष्म्याचा, डोक्याला रुमाल बांधलेला. "नमस्कार आजी," म्हणाला, "आज आम्ही वेळपण मोजणार. किती मिनिटं रस्ता थांबतो ते."

बानाबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, मग नातीकडं वळली.

"घड्याळ यांना बघू दे. मेंढरं तू मोजायची. घरच्या डोळ्यानं. मनात मोज, ओठ हलवू नको. बोट दावू नको. आन मला आकडा सांगायचा नाय, कधीच. मी मरताना इचारला तरी नाय."

"नाय सांगणार आज्जी."

"मी पुढं चालते. मागं वळून बघणार नाय."

तिनं खरंच तसं केलं. एरवी ती मागं असायची. आज कळपाच्या म्होरक्या काजळी मेंढीच्या पुढं चालत रस्त्याच्या मध्यावर गेली, काठी उभी रोवली आणि पाठ करून उभी राहिली. पाठीमागं खुरांचा आवाज. पाठीवर कुणीतरी थंड हात ठेवावा तसं वाटत होतं. एक ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. बानाबाईला राग काढायला कुणीतरी हवंच होतं.

"ठैर ना रे! क्या तेरा लोखंड घास खाने जाता क्या?"

ट्रकवाला हसला आणि त्यानं इंजिनच बंद केलं.

"किती झाल्या मॅडम?" सुदर्शननं मोठ्यानं विचारलं.

"चूप!" आजी आणि नात एकदमच ओरडल्या. ज्ञानूला नोकरीला लागून दोन महिने झाले होते आणि ती साहेबाला चूप म्हणाली होती. साहेबानं घड्याळात तोंड घातलं.

कागदावर किती काड्या भरल्या, ते ज्ञानूला ठाऊक आणि कागदाला ठाऊक. इथं लिहायचं नाही.

शेवटची लंगडी मेंढी पलीकडं गेली तशी बानाबाई परत खुर्चीपाशी आली. खांद्यावरच्या घोंगड्याच्या झोळीतून एक काळं तोंड बाहेर डोकावत होतं. आदल्याच रात्रीचं कोकरू.

"हे धरलंस का?"

"आज्जी!" ज्ञानूला हसावं की काय करावं कळेना. "तूच तर म्हणत होतीस… आन ते झोळीत हाय. चालत गेलं तर धरायचं."

"आज झोळीत हाय. उद्या चालंल की. रस्ता काय आजच्यापुरता बांधत्यात?"

सुदर्शननं चष्मा काढून पुसला. "बरोबर आहे आजींचं. आपण दहा वर्षांपुढची वाहतूक धरतो. घ्या मॅडम, एक वाढवा."

ज्ञानूनं एक काडी मारली. बानाबाईनं तोंड फिरवलं, पण ती काडी मारली गेली याची खात्री करूनच.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ज्ञानू घरी आली ती हातात गुंडाळी घेऊन. अंगणात तिनं मोठा कागद पसरला, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले. रस्ता, गोदामं, फाटा. बानाबाईला त्यातलं एक कळेना.

"बाभळ कुठंय?"

"ही इथं. आन तिच्या बाजूनं ही बघ, रस्त्याखालून मोरी. गोदामवाल्यांनी बांधायची, असं सरांनी लिवलंय. वरची फट बंद होणार, पण मेंढरं खालून जाणार. ट्रकाशी गाठच नाय."

"मंजूर झालं?"

"अजून नाय. वरचे साहेब बघणार, मग ठरणार. पण आता कागदावर आलंय. नसतं आलं तर कुणी इचारलंच नसतं."

बानाबाई कागदावर वाकली. मोरीच्या दोन रेघांवरून तिनं बोट फिरवलं, एकदा जाताना, एकदा येताना. मग तिचं बोट मधेच थांबलं.

"आत उजेड हाय का?"

"कुठं?"

"मोरीत, बये. मेंढरू अंधारात पाय टाकत नाय. काजळी तोंडाशी अडून बसली की मागली सगळी तिच्या अंगावर. वरनं उजेड पाहिजे. आन खाली फरशी गुळगुळीत नको, खूर सरकतोय. पावसाचं पाणी साठलं तर मग बोलूच नको."

ज्ञानू आजीकडं बघत राहिली. हापिसातल्या चार इंजिनेरांनी तो कागद तपासला होता. तिनंही तपासला होता, आणि ती याच अंगणात मेंढरांमागं पळत वाढली होती. तिनं फोन काढला.

"सर, मोरीचं एक राहिलंय. नाही, मी नाही सांगत. ज्यांना कळतं त्याच सांगतील."

तिनं फोन पुढं केला. बानाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, फोन दोन्ही हातांनी धरला आणि पलीकडच्या गायरानापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"साहेब, कागद घ्या म्होरं. मी सांगते तसं लिवा."