जुनं अंगडं

सोमवारी माझी रजा संपत होती. शनिवारी सकाळी समोरच्या रश्मीने दारातच गाठलं.

"तुझ्या रुचिराला सांभाळायला ठेवल्यास ना, त्या सुगंधामावशी? आखातात जेलमध्ये होत्या. चोरी केलेली. शिक्षा झाल्यावर तिकडूनच विमानात बसवून पाठवलं. मी आपलं कानावर घातलं हां, नंतर मला बोलू नको."

आत मावशी सहा महिन्यांच्या रुचिराला पायांवर घेऊन मालिश करत होत्या. मी समोर बसले. कसं विचारावं सुचेना, म्हणून सरळच विचारलं.

त्यांचा हात थांबला नाही. "दोन वर्षं होते. ज्यांचं पोर सांभाळायचे, त्यांनी जुने कपडे टाकायला काढलेले. माझी लेक इकडे कुर्ल्याला पोटुशी. आपल्यात बाळाला पहिलं अंगडं जुनंच घालतात ना, दुसऱ्या धडधाकट पोराचं? म्हणून एक उचललं. टाकलेलंच ते, विचारायचं काय. आतल्या बाजूला सोन्याची पिन राहिलेली, दृष्ट लागू नये म्हणून लावतात ती. मला दिसलीच नाही."

"मग हे सांगितलं नाहीत तिथे?"

"सांगितलं की. दुभाषा केरळचा, हिंदी तोडकंमोडकं. आजीला नातवंडासाठी जुनं कापड कशाला हवं, हे त्यालाच पटेना. तो कोर्टाला काय पटवणार?"

रुचिराला उलटं करत त्या म्हणाल्या, "आत मराठी बोलले ती फक्त एका इथिओपियाच्या बाईच्या लेकराशी. तिथेच जन्मलेलं. 'जेवलास का' म्हटलं की पोट दाखवायचं."

"आणि तुमचा नातू?"

"चार वर्षांचा झाला. लेक दारातच बोलते. जावयांना चालत नाही मी आत गेलेली."

मला पटलं. माझ्या नवऱ्याला, नितेशलाही पटलं. तरी रविवारी मी रुचिराच्या पायांतले चांदीचे वाळे काढले आणि कपाटाला कुलूप लावलं. सोमवारी मावशींनी तिचे मोकळे पाय हातात घेतले, बघितले. मग तेल चोळायला घेतलं.

मालाडच्या ऑफिसातून मी अकराला फोन केला.

"झोपलीय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मागे लिफ्टचं दार आपटलेलं ऐकू आलं.

"मावशी, दार उघडं आहे का?"

"हो, उघडंच ठेवलंय. मी पण दारासमोरच बसलेय. येता-जाता लोकांना दिसलेलं बरं, ताई."

लावून घ्या, असं म्हणायचं होतं मला.

"बरं," म्हणाले, आणि फोन ठेवला.