रडणारं चिनी जहाज

जामखेडच्या नागपंचमीच्या जत्रेत त्या दिवशी आकाशपाळणा रिकामाच फिरत होता. सगळी झुंबड चिनी जहाजाभोवती. आभाळ नुसतं दाटलेलं, नदीला टिपूस नाही, आणि इथं जहाज!

"या मायबाप! राणी व्हिक्टोरियाच्या लंडनात गोऱ्या साहेबांनी तिकीट काढून पाहिलेलं हेच ते गलबत!" जहाजाचा मालक, श्रीमंत नावाचा, भोंग्यावर ओरडत होता. "दर्याच्या आठवणीनं याची डोलकाठी आजबी रडती. चाखून बघा, खारट हाय! समद्या दुखण्यांवर उतारा! पन दवाखान्याची गोळी बंद केली तरच गुन येतो!"

डोलकाठी खरोखर पाझरत होती. बाया पदराच्या टोकानं ते पाणी टिपून लेकरांच्या तोंडात पिळत होत्या. समुद्र कुणीच पाहिला नव्हता. पाणी खारट म्हणजे समुद्राचंच, एवढ्यावर सगळं भागलं.

शाळेतल्या कृपाबाईंचा जीव मात्र ज्ञानेश्वरीत अडकला होता. त्यांच्या वर्गातली ही पोर. तिला फेफरं यायचं, ते गोळ्यांनी थांबलं होतं. जहाज आलं आणि तिच्या आजीनं, छबूबाईनं, गोळ्या बंद केल्या. आज सकाळी पोर वर्गातच कोसळली.

बाईंनी डोलकाठीला हात लावला. वरून लाकडाचा रंग, खाली लोखंडी नळा, गारेगार. बोटाला मीठ लागलं. त्या तडक कुल्फीवाल्याकडे गेल्या, स्टीलच्या पेल्यात बर्फ-मीठ भरून आणलं आणि जहाजावर चढल्या.

"बघा, या नळ्यात असाच बर्फ भरलाय! हवेतली वाफ गार लोखंडावर जमते, तेच हे पाणी. वरून मीठ चोळलं की झालं खारट. हा माझा पेलाही पाझरतोय!"

लोक माना उंचावून पेल्याकडे बघू लागले. बाईंना वाटलं, जिंकले.

"दर्यादेवीचा विजय असो!" श्रीमंतनं हात जोडले. "देवी बाईंच्या पेल्यात उतरली!"

लोक पेल्यावर तुटून पडले. सगळ्यांत पुढे छबूबाई. तिनं पदर भिजवून नातीच्या तोंडात पिळलासुद्धा.

"आजी, अहो बर्फ आहे तो! आत्ता मीच भरलाय!"

"व्हय बाई. ज्याच्या हाताला गुन आसतो, त्यो आसंच म्हनतो. उद्या बी देशाल न्हवं?"

बाई रडकुंडीला आल्या. दर रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या त्या बाई अखेर देवीच्या नावानं खोटं बोलल्या. "देईन. पण देवी म्हणते, गोळीबरोबरच घ्यायचं."

"देवी म्हनती तर देते की!"

ज्ञानेश्वरी आता रोज बाईंच्या पेल्यातल्या पाण्याबरोबर गोळी घेते, आणि तिला फेफरं येत नाही. पण रोज सकाळी शाळेच्या पायरीशी बायांची रांग लागते. "हे माठातलं पाणी आहे, गुण गोळीचा आहे," बाई घसा फोडून सांगतात. बाया हात जोडतात आणि ओंजळ पुढे करतात.

वाचकहो, पेलाभर बर्फ घ्या, मीठ टाका आणि घरीच बघा. पेला कुणाच्याही हातात पाझरतो. लेकराची गोळी तेवढी थांबवू नका.