पुठ्ठ्याच्या खिडकीतलं ऊन

मी एक जुना पुठ्ठा आहे, मित्रांनो. आधी खोकं होतो, मग घर झालो, पण माझ्यात कुणी कधी राहिलं नाही. चाकणच्या एका कंपनीत माझ्या पोटात गिअर भरून यायचे. पोट रिकामं झालं की भंगारात. तिथून तिथल्याच कामगारानं, ज्योतीरामनं, साहेबांना विचारून मला उचललं, कारण आर्किटेक्ट अंजली त्याला म्हणाली होती, घर बांधायच्या आधी घराचं ऊन बघू, पुठ्ठा आणा.

नमुन्याचं छोटं घर करायला तिनं मला कापलं. कटर लागला तेव्हा राग आला, खोटं कशाला बोलू. पण खिडक्यांची भोकं पडली आणि माझ्यात उजेड शिरला. खोक्यात कायम अंधार असतो, मित्रांनो. मला गुदगुल्याच झाल्या.

महाळुंग्यात ज्योतीरामच्या भाड्याच्या खोलीवर गच्ची होती. तिथं तिनं मला पाटावर ठेवून दिशा जुळवली. खरा सूर्य, खोटं घर. पाटाखाली एका बाजूनं पाचर सरकवली की माझ्यात डिसेंबर यायचा, दुसऱ्या बाजूनं सरकवली की मे. कवडसे भिंतींवरून मांजरासारखे फिरायचे. एका सकाळी मी अख्खं वर्ष जगलो.

ज्योतीरामचा हट्ट एकच. सकाळचं ऊन अंथरुणावर पाहिजे. भाड्याच्या खोलीला खिडकी होती, पण तिच्या तोंडाशी शेजारची भिंत. म्हणून अंजलीनं झोपायची खोली पूर्वेला ठेवली. त्याची बायको मंजुळाबाई, तीही खूश.

एके दिवशी तो नाइट शिफ्ट करून सकाळी थेट गच्चीत आला. त्याला कायम नाइटच असायची. माझ्यातल्या कागदी पलंगावर पिवळं ऊन बघून हसला, माझ्याशेजारी टेकला आणि तिथंच झोपला. ऊन सरकत त्याच्या डोळ्यांवर आलं. तो कण्हला, तोंडावर रुमाल ओढला. मंजुळाबाई उठली आणि उन्हाच्या आड उभी राहिली. तिच्या सावलीत त्याचा चेहरा सैल पडला.

अंजलीनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्या पलंगाकडे.

“काकू, काका रोज झोपतात कधी?”

“हीच की वेळ.” मंजुळाबाई म्हणाली. मागं प्रेस मशीनवर त्याचा डोळा लागला होता, हात थोडक्यात वाचला, हे तिनं तेव्हा सांगितलं. “घराचं स्वप्न बघताना आमी रात्रीच झोपत होतो गं.”

अंजलीनं कटर काढला. त्या आवाजानं ज्योतीराम जागा झाला आणि भडकलाच. “माझ्या उन्हाला हात लावू नका, ताई.”

“डोळे मिटून ऊन बघता का हो?” मंजुळाबाई म्हणाली. “आन् मशीनवर मिटले तर?”

त्यानं मला अंजलीकडे सरकवलं.

मग झोपायची खोली उत्तरेला गेली आणि पूर्वेला दारापुढचा बसायचा ओटा आला. अंजलीनं पाचर दोन्ही बाजूंनी सरकवून दाखवली. डिसेंबर असो की मे, ओट्यावर सकाळचं ऊन होतं. ज्योतीराम वाकून बघत राहिला. “बाहेर चहा, आत अंधार,” तो हळूच म्हणाला. “चालंल.”

आता खरं घर उभं आहे आणि मी त्याच्या माळ्यावर. कोपरे दबलेत, अंगावर धूळ आहे. सकाळी खाली कपबशी वाजते, थोड्या वेळानं झोपायच्या खोलीचं दार लागतं, आणि घर कुजबुजत बोलायला लागतं.

मित्रांनो, मला उद्या रद्दीत घातलं तरी चालेल. पण घराचा आराखडा मागायला जाल तेव्हा आपण झोपतो कधी, तेवढं खरं सांगा. आणि दिवसा कुणी झोपलेलं दिसलं तर मोबाईलचा आवाज कमी करा, दार हळू लावा. त्याची रात्र आपणच सांभाळायची असते.