काढल्यावर लागू पडणारा चष्मा

मी चष्मा बोलतोय. पण थांबा, लगेच मला डोळ्यांवर चढवू नका. नीट दिसावं म्हणून मला केलेलंच नाही. माझ्यातून पाहिलं की समोरची प्रत्येक वस्तू असते त्याहून उजवीकडे सरकलेली दिसते. कप उचलायला जाल, तर हात कपाशेजारी हवेत जाईल. फसवणं हेच माझं काम, आणि ते मी इमानेइतबारे करत आलो. तरीही आज माझा जीव टांगणीला लागलाय. का, ते सांगतो.

चष्मेवाल्याने माझ्या काचा एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ घासल्या. दुकानातले बाकीचे चष्मे आरशापुढे मिरवत गिऱ्हाइकाच्या नाकावर बसून गेले. मी मात्र बेंगरूळ. मला कोण मिरवणार? दवाखान्यातल्या थेरपीच्या मॅडमनी मला पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून नेलं. तेव्हा जरा वाईट वाटलं होतं.

मॅडमकडे येणाऱ्या माणसांना पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला असायचा. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की काहींचं डावीकडचं जगच हरवतं. डोळे ठणठणीत असतात, पण डावीकडे काही आहे हेच मनाला सुचत नाही. बरं, हरवलंय हेही त्यांना कळत नाही. विचारलं तर म्हणतात, मला काय धाड भरलीय?

मिस्त्री त्यातलेच. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. स्वतःचा छोटा कारखाना, मदतीला धाकटा भाऊ. मॅडमनी त्यांना कागदावर दरवाजा काढायला सांगितलं.

"दरवाजा? हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ," मिस्त्री म्हणाले आणि पेन्सिल उचलली.

उजवीकडची चौकट काढली, कडी काढली, अर्धी फळी काढली आणि पेन्सिल खाली ठेवली. डावीकडे कागद कोरा.

"मिस्त्री, बिजागऱ्या?" मॅडमनी विचारलं.

"लावल्यात की!"

त्यांची बायको शेजारीच बसली होती. ती खिडकीकडे बघत राहिली.

मला काळजी वाटली ती त्यांच्या डाव्या हाताची. त्या हातात जोर परत आला होता, बोटं मुडपत होती. पण तो आपला आहे याची मिस्त्रींना आठवणच नसे. खुर्चीतून उठताना तो हात दांडीत अडकायचा आणि मिस्त्री तसेच पुढे निघायचे. कुणीतरी धावत जाऊन तो सोडवायचं.

मॅडमनी पुष्कळ उपाय केले. पेपरच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली आणि ती दिसेपर्यंत मान वळवायला लावली. डाव्या बाजूला बसून गप्पा मारल्या. मग एक दिवस मला खोक्यातून काढलं.

टेबलावर एक ठिपका. मी मिस्त्रींच्या नाकावर. "बोट लावा," मॅडम म्हणाल्या. बोट ठिपक्याच्या उजवीकडे पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उजवीकडे. मिस्त्री वैतागले, पण कारागिराचा हात तो, हळूहळू माझी लबाडी ओळखून डावीकडे सरकू लागला आणि नेमका ठिपक्यावर बसला. मग मॅडमनी मला काढलं. सवय लागलेला हात आता आपोआप डावीकडे जाऊ लागला, आणि हाताच्या मागोमाग लक्षही. मिस्त्रींनी मान वळवली आणि म्हणाले, "अगं, तू इथे बसलीयस होय?"

बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला तेव्हा किती अभिमान वाटला म्हणून सांगू!

पुढे मॅडमनी मला त्यांच्या घरी दिलं. "रोज थोडाच वेळ घालायचा," त्यांनी बायकोला समजावलं. "टेबलाशी बसवा, ठिपक्यांना बोट लावून घ्या आणि काढा. खरं काम चष्मा काढल्यावर सुरू होतं. घालून उठू द्यायचं नाही. आणि हा गुण फार टिकत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा करायचं."

बायकोने मान डोलावली. सगळं ऐकलं तिने. पण जे ऐकलं ते तिला खरं वाटेना. चष्मा काढल्यावर गुण येतो, असं कधी कुठे असतं का?

सुरुवातीला तिने सांगितल्यासारखं केलं. मिस्त्रींना ताटाच्या डाव्या बाजूची भाजी सापडू लागली. आणि तिथेच घात झाला.

"भाऊजी, एवढ्याशा वेळात एवढा फरक," ती दिराला म्हणाली. "मग दिवसभर घातला तर?"

"औषध जास्त झालं तर बाधतं वहिनी. चष्मा काय बाधणार?"

भाऊ वाईट नाही हो. कारखान्यात कामं अडली होती आणि दादासारखी सरळ कापणी त्याला जमत नव्हती. शिवाय मिस्त्रींनी धोशाच लावला होता, मला मशीनवर जाऊ द्या. कामाशिवाय तो माणूस झुरत चालला होता. शेवटी बायको म्हणाली, "जा. पण चष्मा उतरवायचा नाही." आणि मी पडू नये म्हणून तिने माझ्या दांड्यांना दोरी बांधून ती त्यांच्या गळ्यात अडकवली. नवऱ्याला तळहाताच्या फोडासारखं जपणारी बाई ती. आपण त्याच्या डोळ्यांवर काय बांधतोय, हे तिला कळत नव्हतं. मला कळत होतं आणि मला तोंड नव्हतं.

कारखान्यात गोल पात्याची करवत आहे. भाऊ पलीकडे बटणाशी उभा राहिला. पातं फिरू लागलं. मिस्त्रींनी उजव्या हाताने फळी सरकवली. हात आधी कडेवरून घसरला, मग माझी सवय होऊन सावरला. आणि डावा हात जुन्या वळणाने आपसूक वर आला, फळीवर टेकला आणि तिथेच विसरला गेला.

फळी पुढे चालली. तिच्यावर पडलेला हातही पुढे चालला. मिस्त्रींची नजर उजव्या कडेवर खिळलेली. भाऊ फळ्या मोजत होता. मला घाम फुटत असता, तर तेव्हा फुटला असता. भुसा उडून माझ्या काचांवर बसत होता, मला दिसेनासं होत होतं, पण पात्याचा आवाज जवळ येतोय हे समजत होतं.

"छ्या, हा भुसा!" मिस्त्री म्हणाले. फळी सोडून त्यांनी मला ओढून छातीवर सोडलं, डोळे पुसले आणि उजवा हात पुन्हा फळीकडे नेला. तो हात डावीकडे पडला. डाव्या हातावर.

मिस्त्रींनी पाहिलं. पात्याला बोटं लागायचीच बाकी होती. त्यांनी उजव्या हाताने तो हात मनगटाला धरून मागे खेचला आणि ओरडले. भावाने बटण बंद केलं. पातं मात्र लगेच थांबत नाही. बराच वेळ ते तसंच गरगरत राहिलं आणि दोघे भाऊ एकमेकांना घट्ट धरून त्याच्याकडे बघत राहिले.

माझा जीव भांड्यात पडला. आता तरी यांना समजेल, असं वाटलं.

"दादा, चष्मा काढलास आणि तुला दिसलं!" भाऊ म्हणाला. "बिनचष्म्याचं दिसलं! बरा झालास तू!"

बाहेर दारात बसलेली बायको ओरडणं ऐकून धावत आली. तिने तो डावा हात दोन्ही हातांत घेऊन गालाला लावला. "सुटलो बाई," ती म्हणाली. "आता कशाला हवाय तो चष्मा? मॅडमना कळवते, आता येत नाही म्हणून." भावाने मला दोरीसकट भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं. काल तिघेही हसत घरी गेले. इतकं आनंदी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि इतका घाबरलो मीही कधी नव्हतो.

तो गुण माझा होता हो. मला काढल्यावर थोडा वेळ टिकणारा. तो रात्रीतून ओसरला असेल.

आज सकाळी मिस्त्री नवा शर्ट घालून आले आहेत. उजवा गाल तुळतुळीत आहे. डाव्या गालावर साबणाचा फेस वाळून गेलाय आणि त्याखाली खुंट तसेच आहेत.

"दादा, अर्धीच दाढी?" भाऊ हसतोय.

"घाई रे कामाची," मिस्त्रीही हसले. त्यांनी फळी मशीनवर ठेवली. डावा हात आपसूक वर येतोय.

मी समोरच्या खिळ्यावर आहे. मला सगळं दिसतंय. तुमच्यापैकी कुणी त्या मॅडमना ओळखत असाल, तर त्यांना बोलवा. नाहीतर तुम्हीच या, दार उघडं आहे. फक्त लवकर या. भाऊ बटणाकडे निघालाय.